तहानलेले खडे आणि रूथताई

भांड्यांच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक आधी भांडं वाजवून बघतं. तळोद्याच्या बाजारात माझा जन्म हा टणटणाट ऐकण्यात गेला. डॉ. रूथ वसावे पहिल्यांदा आमच्या दुकानाची पायरी चढल्या तेव्हा मात्र त्यांनी एकही डबा वाजवला नाही. त्यांनी बादलीभर पाणी मागितलं. एक डबा घेतला, अर्धा भरला, झाकण दाबून बसवलं आणि उलटा करून धरला. पाण्याची धार थेट माझ्या गादीवर. दुसरा डबा, तीच तऱ्हा. तिसरा, चौथा. आमचा जुना गडी दगडू फडकं घेऊन कोपऱ्यात उभा होता. तो मला हळूच म्हणाला, पण दगडूचं हळू म्हणजे समोरच्या कापडवाल्याला ऐकू जाईल इतपत:

"शेठ, ही ताई डबा लेवाले उनी, का दुकान धोवाले?"

ताईंनी वळूनही पाहिलं नाही. पाचवा डबा उलटा धरूनच त्या म्हणाल्या, "दोन्ही कामं व्हई जातीन, भाऊ. तू फडकं तयार ठेव."

शेवटी रबरी कडीचा एक स्टीलचा डबा त्यांच्या परीक्षेत उतरला. मी विचारलं, "ताई, यात ठेवायचं तरी काय आहे एवढं?"

"कोरडेपणा," त्या म्हणाल्या.

धान्य ठेवणारं, लाडू ठेवणारं, दागिने लपवणारं गिऱ्हाईक मी पाहिलं होतं. कोरडेपणा ठेवणारं हे पहिलंच. माझा चेहरा पाहून त्यांनी पिशवीतून एक बुचाची बाटली काढली. आत साबुदाण्याएवढे पांढरे खडे होते. "तळहात ओला करा," म्हणाल्या. मी केला. त्यांनी चमचाभर खडे हातावर ओतले, आणि चहाचा पेला धरल्यावर बसतो तसा चटका मला बसला. ना विस्तव, ना ऊन. मी हात झटकला, खडे गादीखाली गेले, आणि ताई हसत हसत म्हणाल्या, "घाबरू नका काका. त्यांना तहान लागली होती. पाणी प्यायले, म्हणून तापले."

त्या दिवशी जेवताना माझ्या पत्नीने, कमलाने, विचारलं, "गादी ओली, दुकान ओलं, आणि तुम्ही इतके खुशीत? त्या बाईंनी तुम्हाला काय विकलं?" खरं तर तेव्हापासून मी त्यांचं गिऱ्हाईक झालो तो आजतागायत.

डॉ. रूथ वसावे यांच्या वयाला साठ वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून निघणाऱ्या या ग्रंथात मागेपुढे सगळी विद्वान मंडळी आहेत. त्यांच्यात मी म्हणजे पंगतीत पाणी वाढणारा. शाळा सातवीत सुटली. आजोबा राजस्थानातून आले, म्हणून घरात मारवाडी, बाजारात अहिराणी, आणि मराठी शिकलो ती भांडी गुंडाळायच्या रद्दीतून. गिऱ्हाईकाला पातेलं बांधून देण्याआधी तो कागद वाचून घ्यायचा, ही सवय. अर्धा लेख पातेल्याबरोबर शहाद्याला गेला, असंही पुष्कळदा झालं. तेव्हा माझ्या लिहिण्यात शास्त्र कमी आणि स्वयंपाकघर जास्त आढळलं, तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. ताई तर नेहमीच सांभाळून घेत आल्या आहेत.

त्यांचं माहेर नवापूरकडच्या सीमेवरच्या डोंगरातलं. घरची थोडी शेती, ती चार महिन्यांची. बाकी वेळ आईवडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. काळा दगड फुटला की कधी कधी आतल्या पोकळीत पांढरे, चकाकणारे स्फटिक निघत. मुलं त्यांना दगडाचे दात म्हणत. एकदा छोट्या रूथने असला एक दात चुलीत टाकला, तर तो ज्वारीच्या लाहीसारखा फुगला. आईने धपाटा घातला, कारण राख भाकरीवर उडाली. पण पोरगी तो फुगलेला खडा घेऊन शाळेत गेली आणि गुरुजींना विचारती झाली, दगड का फुगतो. गुरुजी भला माणूस. ते म्हणाले, "मला ठाऊक नाही. तू शीक आणि मला येऊन सांग." पुढे रसायनशास्त्रात डॉक्टर झाल्यावर ताई खरोखरच गुरुजींच्या घरी गेल्या. म्हातारपणामुळे त्यांना ऐकू कमी येत होतं, म्हणून ताईंनी चुलीत खडा टाकून त्यांना सगळं पुन्हा दाखवलं. "दगडाच्या पोटात पाणी होतं गुरुजी, ते वाफ होऊन निघालं," त्या म्हणाल्या. गुरुजींनी विचारलं, "आणि पाणी गेल्यावर दगडाच्या पोटात काय राहतं?" ताई सांगतात, की त्यांच्या पुढच्या साऱ्या संशोधनाचा प्रश्न त्या दिवशी गुरुजींनी दिला.

त्या पोकळीचंच सारं शास्त्र आहे. मला समजलं तसं सांगतो. आम्ही दुकानात ज्याला जर्मलची भांडी म्हणतो तो ॲल्युमिनियम धातू. मी जन्मभर समजत होतो, की जर्मलचं पातेलं वेगळं आणि कुंभाराचं मडकं वेगळं. ताई म्हणाल्या, "काका, मडक्यातही ॲल्युमिनियम आहेच." वाळूतला सिलिकॉन आणि हा ॲल्युमिनियम, दोघे ऑक्सिजनचे हात धरून राहिले की जे तयार होतं ते ॲल्युमिनियम सिलिकेट. मडकं, वीट, लोणच्याची चिनी मातीची बरणी, शेतातली काळी माती, सगळी एकाच कुळातली भावंडं. फरक हात धरण्याच्या तऱ्हेत. काहींत थरावर थर बसतात, चपात्यांच्या चवडीसारखे. काहींत मात्र पिंजरे होतात, इतके बारीक की आत पाण्याचा कण तेवढा मावतो. तापवलं की पाणी निघून जातं आणि घर तसंच उभं राहतं. पाहुणे गेले, पण घर पडलं नाही. मग ते रिकामं घर पुन्हा पाहुण्यांची वाट बघतं. ताई पांढरी चिनी माती भट्टीत लाल होईतो भाजतात, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उबेला ठेवतात, धुतात, वळून खडे करतात. असे हे तहानलेले खडे. त्यांचा उपयोग कशाकशाला होईल, हे शोधण्यात ताईंनी नोकरीची सारी वर्षं घातली.

थरवाल्या भावंडांवरही त्यांचं काम आहे. कळसाडीच्या एका ऊसवाल्या शेतकऱ्याने हौसेने घर बांधलं आणि वर्षाच्या आत भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. कुणी सांगितलं, दार चुकीच्या दिशेला आहे. तो दार काढायला निघाला होता. ताईंनी त्याच्याच वावरातली काळी माती काचेच्या पेल्यात चौथाई भरली, पाणी ओतलं, आणि चहा होईपर्यंत गप्पा मारल्या. चहा आला तेव्हा माती पेल्यात निम्म्यावर फुगून आली होती. शेतकरी म्हणाला, "मंग दार काढू नको का?" ताई म्हणाल्या, "हौस असेल तर काढा. पण हलते आहे ती पायाखालची जमीन, तिचं आधी बघा." पायालगतची काळी माती काढून मुरूम भरला, सांडपाणी लांब नेलं. दार जिथल्या तिथे आहे, आणि त्याला तोरणही लागतं.

ताईंचा एक गुण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या शब्द जपून वापरतात. एकदा एक मालविक्या त्यांना भेटायला आला. खड्यांच्या पुड्या करून विकायच्या, वर ताईंचं नाव, खाली छापायचं, 'बियाणं शंभर वर्षं टिकेल.' ताईंनी त्याला पाणी दिलं, चहा दिला, आणि म्हणाल्या, "मी अजून साठीची झाले नाही. शंभर वर्षांची खात्री कुणाच्या डोळ्यांनी देऊ?" तो म्हणाला, "मॅडम, जाहिरात आहे ती." ताई म्हणाल्या, "मग तुमचं नाव छापा." माणूस गेला. कपबशी मात्र धुवून ठेवून गेला, इतकं त्याला ओशाळल्यासारखं झालं असावं.

आणि मायेचं म्हणाल, तर माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हाचं सांगतो. वाचायला बंदी. रद्दीसुद्धा नाही. माझ्यासारख्याला हे उपासासारखंच. दर रविवारी चर्चची प्रार्थना आटोपली की ताई आमच्या घरी येत आणि स्वतःचा नवा लेख मराठी करून मला वाचून दाखवत. मध्येच थांबून विचारत, "काका, कुठे अडलं?" मी म्हणे, "मला कशाला विचारता, मी सातवी." त्या म्हणत, "तुम्हाला अडलं तिथे मलाच नीट कळलेलं नाही." आणि खरंच, पेन काढून तेवढं वाक्य खोडत. कमला आतून म्हणायची, "या वयात ह्यांना शाळेत घातलं तुम्ही, आता दुकान कोण बघणार?"

आता ज्या गोष्टीसाठी मी लेखणी हातात घेतली ती सांगतो. ती यशाने सुरू होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ताईंनी मला बजावलं आहे, की लिहाल तर ती फजितीसकट लिहा.

तोरणमाळच्या पठाराखाली, घाटाच्या एका अंगाला, एक पाडा आहे. तिथे ठुमलीबाई पावरा राहतात. त्या पाड्याचा एक पांढरा मका होता. दाणा मोठा, भाकरी मऊ, धुक्यातही कणीस धरणारा. बाजारच्या बियाण्याला तिथलं धुकं मानवत नाही, आणि त्याची भाकरी दुपारी चामड्यासारखी होते, असं तिथल्या बाया सांगतात. या मक्याचं बी ठेवायची रीत म्हणजे कणसांच्या सालीची वेणी घालायची आणि ती चुलीवरच्या आढ्याला टांगायची. रोजच्या धुराने किडा जवळ येत नसे. मग घराघरात गॅस आला. डोळे चुरचुरायचे थांबले, खोकला गेला, सगळं चांगलंच झालं. पण धूर गेला आणि धुराबरोबर बियाची राखण गेली. दोन-तीन हंगामांत एकेका घरचं बी किडलं. शेवटी पांढरा मका उरला तो ठुमलीबाईंच्या एकटीच्या घरात, आणि तोही भोकं पडायला लागलेला.

ठुमलीबाई बाजाराच्या दिवशी जीपने तळोद्याला येतात. तवा घ्यायला आल्या असताना कमलाजवळ त्यांनी हे गाऱ्हाणं सांगितलं. त्यांची बोली पावरी, मला समजली तशी मराठीत देतो. त्या बोलीत लहानथोर सगळ्यांना 'तू'च म्हणतात, आणि त्यात आदर कमी नसतो.

"गॅसनं माझे डोळे वाचवले," त्या म्हणाल्या, "आणि मक्याचे घालवले."

मी ताईंना निरोप धाडला. ताई आल्या, ठुमलीबाईंच्या शेजारी दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि खडे दाखवले. बी सुकं राहिलं तर किडा वाढत नाही, बुरशी धरत नाही, कोंबही जिवंत राहतो. खडे तव्यावर चांगले भाजायचे, निवले की फडक्यात बांधून बियाबरोबर घट्ट डब्यात ठेवायचे. आणि ताई म्हणाल्या, "पण अर्धंच बी डब्यात ठेवा. अर्धं तुमच्या आढ्यालाच राहू दे."

"अर्धं कशाला?" ठुमलीबाई म्हणाल्या. "तुझ्या खड्यांवर तुझाच भरवसा नाही?"

"खड्यांवर आहे," ताई म्हणाल्या. "माझ्यावर अजून ठेवू नका."

मका काढणीला आला, डबे भरले गेले, वर्ष सरत आलं. पेरणीआधी दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून कोंब येतात का ते बघायचं, हेही ताईंनी सांगून ठेवलं होतं. आणि एका बाजाराच्या दिवशी ठुमलीबाई डबा मांडीवर घेऊन जीपमधून उतरल्या. दुकानात त्यांनी झाकण उघडलं तेव्हा आंबूस, बुरसट वास आला. दाण्यांवर राखाडी लव चढली होती. गोणपाटात कोंब आले होते ते बोटांवर मोजण्यासारखे.

"आढ्यावरचा मका किड्यानं खाल्ला, पण थोडा तरी ठेवला," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुझ्या त्या शिकलेल्या बाईनं राखणदार म्हणून डबा दिला, तोच चोर निघाला."

शेजारचा बियाणेवाला तेवढ्यात डोकावला. त्याला अशी संधी हवीच असते. म्हणाला, "काय शेठ, विज्ञान डबामा बंद व्हई गयं का?" दगडूने त्याच्या अंगावर फडकं झटकलं, म्हणून तो गेला.

आता पांढऱ्या मक्याचं जे काही होतं ते म्हणजे किड्याच्या तोंडून वाचलेली टोपलीभर कणसं. ती पेरून उगवली नाहीत, किंवा उगवून पुढच्या वर्षापर्यंत टिकली नाहीत, तर तो मका संपला. आणि ते बी त्या पाड्याने पुन्हा ताईंच्या हाती का द्यावं?

ताईंच्या प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याने त्यांना सल्ला दिला, तोही भलेपणानेच. "अहवालात लिहा, वापरणाऱ्यांनी सूचना पाळल्या नाहीत. संपलं." ताई म्हणाल्या, "पाळल्या की नाही ते मला माहीत नाही. मी बघायला कुठे गेले होते?" दुसऱ्याच दिवशी आम्ही जीपने घाट चढलो. धुकं इतकं उतरलं होतं की ड्रायव्हर वळणावर मान बाहेर काढून रस्ता विचारल्यासारखा बघत होता.

पाड्यावर पोचल्यावर ताईंनी काय चुकलं असं विचारलंच नाही. त्या ठुमलीबाईंच्या सुनेला, रिनाला, म्हणाल्या, "मागच्या वेळी केलंत तसंच सगळं आज मला करून दाखवा. मी मध्ये बोलणार नाही." आणि शेगडीजवळ पाट घेऊन बसल्या. रिनाने लोखंडी तवा ठेवला, खडे ओतले, फुटाणे भाजावेत तसे हलवत राहिली. कुठे कसूर नाही. आच नेटकी, वेळही पुरता. माझ्या मनात आलं, झालं, खडेच खोटे निघाले.

मग तिने ते खडे सुपात ओतले, बोटांनी नीट पसरले आणि सूप दाराशी नेऊन ठेवलं, वारा लागेल असं. दारात धुकं उभं होतं. हात फिरवला तर ओला व्हावा.

"आता?" ताईंनी विचारलं.

"आता गार होऊ दे," रिना म्हणाली. "आम्ही शेतावर जाऊन येतो."

ताईंचे ओठ हलले. पण बोलणार नाही म्हटलं होतं, म्हणून बोलल्या नाहीत. त्या पाटावर बसून राहिल्या. आम्ही मक्याची भाकरी आणि लसूण-मिरचीची चटणी खाल्ली. बाया शेतावर जाऊन परत आल्या. रिनाने सूप आत आणलं, गार खडे फडक्यात बांधायला घेतले, तेव्हा ताई म्हणाल्या, "ठुमलीबाई, हात द्या."

ओल्या तळहातावर त्यांनी सुपातले खडे ठेवले. काही नाही. गार ते गारच. मग पुसून, पुन्हा ओला करून, स्वतःच्या बुचाच्या बाटलीतले खडे ठेवले. ठुमलीबाईंनी हात मागे ओढला.

"हा बाटलीतला तहानलेला आहे," ताई म्हणाल्या. "तो सुपातला दारात बसून धुकं पीत होता. त्याचं पोट आधीच भरलं."

ठुमलीबाईंनी सुपाकडे पाहिलं. "म्हणजे दिवसभर दारात पीत बसला, आणि कामाच्या वेळी आडवा," त्या म्हणाल्या. "माझ्या धाकट्या दिरासारखा."

जमलेल्या बाया अशा हसल्या की तो दीर घराबाहेर येऊन विचारू लागला काय झालं, आणि मग आणखीच हसल्या. पण हसू ओसरल्यावर ठुमलीबाईंनी सरळ प्रश्न टाकला. "गरम वस्तू डब्यात भरली की झाकणाला घाम सुटतो. भाजलेले दाणे असोत, शेव असो. तुझ्या आईनं तुला शिकवलं नाही?"

"शिकवलं होतं," ताई म्हणाल्या. "माझी आईसुद्धा सुपातच निववायची."

मग त्या उभ्या राहिल्या. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्या म्हणाल्या, "आमच्या प्रयोगशाळेत भट्टीतून काढलेली वस्तू झाकणाच्या काचेच्या भांड्यात ठेवून निववतात. इतकी वर्षं मी ते करते आहे, की ते वेगळं सांगावं लागतं हेच मी विसरले. तुम्ही तुमच्या घरच्या शहाणपणानं केलंत. खडे ओले गेले, मका पुरता सुकला नाही, आणि घट्ट झाकणात कोंडला गेला. उघडा असता तर निदान वारा तरी लागला असता. तुमचं बी माझ्यामुळे गेलं. मला माफ करा."

ठुमलीबाईंनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. "बस," म्हणाल्या. "उभ्यानं कोण बोलतं? चहा घे आणि नीट सांग."

मग नीट सांगणं झालं. खडे तव्यावरून तडक छोट्या घट्ट डब्यात ओतायचे, झाकण लावायचं आणि तिथेच निवू द्यायचे. घामाची भीती दाण्याला आणि शेवेला. खड्यांच्या पोटात पाणीच उरलेलं नाही तर घाम कुठून सुटणार? निवले की चार खडे ओल्या तळहातावर ठेवून बघायचे. चटका बसला तर बियाबरोबर ठेवायचे, नाही तर पुन्हा तव्यावर. रिनाने तिथल्या तिथे दोनदा करून दाखवलं. आता तळहाताची ही परीक्षा ताईंच्या प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांनाही शिकवली जाते, असं मी ऐकतो.

उरल्या कणसांचे दाणे बायांनी एकेक करून निवडले. ज्याचा डोळा, म्हणजे कोंबाची जागा, शाबूत तो दाणा ठेवला. घरालगत, नजरेसमोर, एका तुकड्यात ते पेरले. त्या पावसाळ्यात ताई कितीदा घाट चढल्या ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, जीपवाल्याने सांगितलं. एकदा रस्ता खचला होता तर पायी गेल्या. गेल्या की रानडुकरांसाठी कुंपण बघायच्या, पाखरांवर ओरडायच्या, आणि रिनाच्या हातची भाकरी खाऊन परतायच्या. मका उभा राहिला. कणसं आली. पुन्हा डबे भरायची वेळ आली तेव्हा ताई म्हणाल्या, "अर्धं आढ्याला."

"पुन्हा अर्धं?" रिना म्हणाली.

"पुन्हा अर्धं. माझी परीक्षा अजून झालेली नाही."

परीक्षा झाली ती पुढच्या पेरणीच्या तोंडावर. मीही गेलो होतो, कमलाही आली होती, घाटात डोळे मिटून. ठुमलीबाईंनी गोणपाट आणलं, पण स्वतः उघडलं नाही. तसंच गुंडाळलेलं त्यांनी ताईंच्या मांडीवर ठेवलं. ताईंनी एक घडी उलगडली, मग दुसरी. दाण्यादाण्याला कोंब होता, पांढरा, ताठ. ताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, लावला, आणि परत काढला. ठुमलीबाई सुनेला एवढंच म्हणाल्या, "पोरी, त्या आढ्यावर आता लसूण टांग."

आता आसपासच्या पाड्यांवरही हे डबे गेले आहेत. तिथल्या बायांना रिना शिकवते, त्यांच्याच बोलीत, आणि माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं. ताईंना आता कुणी वर बोलवत नाही. एकदा मी हे जरा खट्टू होऊन म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "काका, मला बोलवावं लागत नाही, हाच माझा निकाल." नोकरीतून त्या आता मोकळ्या होत आहेत, पण चिनी मातीची पोती त्यांच्या अंगणात आजही उतरतात. खडे स्वस्त लाकडाच्या कमी आचेवरही कोरडे व्हावेत, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात चाललं आहे. ते होईल, असं माझं मन सांगतं. या बाईंनी चूक धरून बसायचं नाही आणि सोडायचंही नाही, हे मला शिकवलं.

हा लेख लिहायला घेण्याआधी मी वर जाऊन आलो. ठुमलीबाई अंगणात मका सोलत बसल्या होत्या. मी सांगितलं, की रूथताई साठ वर्षांच्या होत आहेत, त्यांच्यासाठी पुस्तक निघतं आहे, तुमचा काही निरोप असेल तर लिहितो.

"साठ?" त्या म्हणाल्या. "मग आता कुठं तिला थोडं कळायला लागलं असेल." हातातलं कणीस त्यांनी सोलून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "तिला लिही, म्हातारी हो, पण घाई करू नको. यंदा नातीच्या सासरी पांढरा मका दिला आहे. तो तिथं रुजेपर्यंत तिला थांबावं लागेल. मग नातीच्या नणंदेच्या गावाला द्यायचा आहे. मग तिच्या जावेच्या."

ताई, मी रद्दीतून पुष्कळ शुभेच्छा वाचल्या, पण याहून चांगली मला सापडली नाही. आपलं शरीर धडधाकट राहो, पायांना घाटाची ताकद राहो, आणि मन आहे तसंच राहो. ठुमलीबाईंचा गोतावळा मला ठाऊक आहे. तो मोठा आहे. आपल्याला पुष्कळ वर्षं थांबावं लागणार.